बप्पांचा आहेर

“बराबर,” बप्पा म्हणाले, आणि केतनसरांनी सोबत आणलेल्या घडीच्या फळ्यावरची पिवळी चिठ्ठी उचलून मोठ्या थाटात ‘डन’च्या रकान्यात चिकटवली. मग पोहे आले. पोह्यांवर शेव होती. रिव्ह्यू संपला.

केतनसर म्हणजे आमच्या पुण्याच्या हेड ऑफिसने जालना ब्रँचचा उद्धार करण्यासाठी धाडलेले अजाइल कोच. बप्पा मूळचे कुंभार पिंपळगावचे, आता जुना जालन्यात बियाण्याचं होलसेल दुकान. गावोगावच्या दुकानदारांनी फोन न करता मोबाइलवरून बियाण्याच्या पिशव्या मागवाव्यात, असं ॲप आम्ही त्यांच्यासाठी बनवत होतो. एका बियाणे कंपनीने ते आमच्याकडून करवून घेऊन बप्पांना भेट द्यायचं ठरवलं होतं. मी जालना ब्रँचचा मॅनेजर. म्हणजे चिठ्ठी खाली पडली की उचलणारा.

अजाइल म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. सगळं घर बांधून मग मालकाच्या हाती किल्ली द्यायची नाही. एकेक भिंत उभी राहिली की त्याला बोलावून दाखवायची. दोन आठवड्यांच्या कामाला स्प्रिंट म्हणतात, म्हणजे धाव. कुठे धावायचं हे विचारायचं नसतं. रोज सकाळी स्टँड-अप असते. उभं राहून मीटिंग, कारण पाय दुखले की माणसं आवरतं घेतात. केतनसरांचे पाय कधी दुखले नाहीत. आणि धाव संपली की रिव्ह्यू: झालेलं काम गिऱ्हाइकाला दाखवायचं आणि त्याने त्यात चुका काढायच्या. सगळा खेळ या चुकांवर चालतो.

बप्पांनी आजवर एकही चूक काढली नव्हती. प्रत्येक रिव्ह्यूला “बराबर”, आणि पोहे.

“कस्टमर डिलाइटेड आहे!” केतनसर गाडीत म्हणाले. “माझ्या करिअरमध्ये असा प्रॉडक्ट ओनर पाहिला नाही.” प्रॉडक्ट ओनर म्हणजे कामाला हो की नाही म्हणणारा, इथे बप्पा.

मागच्या सीटवर फरहीन होती. आमची सगळ्यात तयार डेव्हलपर, आणि जिभेने त्याहून तयार. ती म्हणाली, “सर, मीबी न्हाई पाह्यला.” केतनसरांना ते अनुमोदन वाटलं.

त्याच आठवड्यात हेड ऑफिसचा फोन आला. आमच्या व्हीपी मॅडमचा आवाज नेहमी गोड असतो, त्या दिवशी जास्तच गोड होता. हंगाम सुरू होताना बप्पांचं दुकान प्रत्यक्ष ॲपवर चाललं पाहिजे. नाही चाललं तर जालना ब्रँच बंद, सगळी टीम पुण्याला. मी टीमला सांगितलं. पोरांनी लगेच पुण्यातल्या भाड्यांच्या चौकशा सुरू केल्या. फरहीनने केली नाही. तिची अम्मी अंथरुणाला खिळलेली; घर बप्पांच्या दुकानामागच्याच गल्लीत. तिच्यासाठी पुणे म्हणजे राजीनामा.

“केतनसर, ॲप वापरात आहे का ते एकदा बघू या?” मी विचारलं.

“सगळ्या स्टोरीज, म्हणजे चिठ्ठ्यांवरची कामं, डन आहेत,” ते म्हणाले. “फळ्यावर विश्वास ठेवा.”

फळ्यावर माझा पूर्ण विश्वास होता. म्हणून मी फरहीनला घेऊन, न कळवता, बप्पांच्या दुकानात गेलो.

बप्पा दोन कानांना दोन फोन लावून बसले होते. ॲप घालून आम्ही दिलेला टॅब्लेट काचेच्या कपाटात होता. खोक्यातच. खोक्यावर हळदकुंकू वाहिलेलं. शेजारी चांदीचा पेला आणि कुणाच्या तरी लग्नातली शाल.

“बप्पा, ॲप कसं चाललंय?”

“लई भारी! बराबर हाय.”

“वापरता ना?”

“वापरू की. कुठं पळून चाललंय?”

एवढ्यात ताडपत्रीवाला आला. बप्पांनी फोन ठेवले आणि माणूसच बदलला. ताडपत्री उन्हात धरली, हुंगली, ओढली. “ही ताडपत्री हाय का मच्छरदाणी? पार पलीकडची पानटपरी दिसून राह्यली! आणि ह्या कड्या? मागच्या साली नेल्ती तुझ्याकडून, कडी उपटून हातात आल्ती. लाज वाटू दे जराशी.” ताडपत्रीवाला खुशीत हसत उभा. सगळी हजामत झाल्यावर बप्पा म्हणाले, “उतरव. सगळा गठ्ठा.”

बाहेर पडल्यावर फरहीन रस्त्यातच थांबली. “सर, ताडपत्रीला एवढी नावं ठेवली आणि आपल्या ॲपला एक शब्द न्हाई. कळलं का? ताडपत्री घ्यायचीय त्यांना. आपलं ॲप आहेर हाय, आहेर!”

लाख बोलली पोरगी. आहेराच्या लुगड्याला कुणी तोंडावर नावं ठेवत नाही. छान म्हणायचं, कपाटात ठेवायचं, आणि पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या अंगावर घालायचं. आम्ही पोहे खाऊन दर स्प्रिंटला आहेर करत होतो.

पुढच्या रिव्ह्यूला मी केतनसरांच्या आधी तोंड उघडलं. “बप्पा, एक अडचण झाली. हे ॲप आता परतूरच्या एका व्यापाऱ्याला द्यायचं घाटतंय. तुम्ही या धंद्यातले जाणते. माल त्याच्या लायकीचा आहे का, तेवढं बघून द्या.”

हा व्यापारी मी त्याच क्षणी जन्माला घातला होता; केतनसरांचा चेहरा चिठ्ठीसारखा पिवळा झाला. फरहीनने कपाटातून खोकं काढून उघडलं. बप्पांनी चष्मा चढवला, टॅब्लेट उन्हात धरला. हुंगला नाही एवढंच.

“अक्षरं मुंगीएवढी. बरं. हे नाव काय, नुसतं ‘गणेश कृषी’? अरे, गावागावात गणेश कृषी हाय! कुठला गणेश? न खपलेला माल माघारी येतो, त्याला जागाच न्हाई? आणि हे बटन दाबलं की काय होतं?”

“ऑर्डर थेट गोदामात जाते,” फरहीन म्हणाली. “तिथं गाडी भरतात.”

“कुणाला इचारून?” बप्पा कडाडले. “दुकानदार तीन जागी ऑर्डर देतो. ज्याची गाडी पहिले येईल त्याचा माल उतरवून घेतो, बाकीच्या गाड्या हात हलवत माघारी. म्हणून आम्ही गाडी भरायच्या आधी फोन करून राह्यलो सगळ्यांना, ‘पक्कं का?’ पक्कं म्हणला, मंग हमाल पिशवीला हात लावतो. तुमच्यात पक्कं कुठाय?”

“पण त्याने ऑर्डरला हो म्हटलंय ना?” केतनसर कळवळून म्हणाले.

“साहेब, बराबर म्हणजे ऐकलं. पक्कं म्हणजे ठरलं. जालन्यात एवढं लेकरालाबी कळतं.”

केतनसर आपल्या ‘डन’च्या रकान्यातून एकेक चिठ्ठी काढू लागले. त्या दिवशी पोहे आले नाहीत. मला फार बरं वाटलं.

पुढची धाव खरोखरच धाव होती. अक्षरं वाढली, दुकानाच्या नावापुढे गाव आलं, माघारी येणाऱ्या मालाला जागा झाली. आणि फरहीनने ‘पक्कं’ नावाचं हिरवं बटन बसवलं: ते दुकानदाराने दाबल्याशिवाय गोदामाला ऑर्डर दिसायचीच नाही. बप्पांनी परत नावं ठेवली. आम्ही परत दुरुस्त केलं. शेवटी ते म्हणाले, “परतूरवाल्याला काय कळतंय ह्यातलं? इथंच ऱ्हाऊ द्या.” कपाटातली खोक्याची जागा शालीने व्यापली.

हंगामाच्या पहिल्या सकाळी व्हीपी मॅडमचा फोन आला. “कस्टमर खूश आहे का?”

मी ऑफिसभर नजर फिरवली. फरहीन कानापासून वीतभर लांब फोन धरून बसली होती. पलीकडून बप्पा ओरडत होते, “तुमचं हिरवं बटन अटकून राह्यलंय! इथं गाड्या उभ्या हायत! जल्दी बघ, पोरी!” आणि ती गालातल्या गालात हसत स्क्रीनवर बटन दुरुस्त करत होती.

“नाही मॅडम,” मी म्हणालो. “सकाळपासून शिव्या घालतोय.”

मग त्या म्हणाल्या, “म्हणजे वापरतोय?”

ब्रँच राहिली. फरहीन टीम लीड झाली, आणि अम्मीपाशीच राहिली. केतनसर पुण्याला परतले आणि या प्रकरणावर त्यांनी प्रेझेंटेशन दिलं म्हणे. त्यात माझं नाव नव्हतं, पोह्यांचा फोटो होता.

धडा एवढाच: गिऱ्हाईक नावं ठेवायला लागलं की खुर्ची पुढे ओढून बसावं. विक्री चालू झालेली असते.