टोमॅटो लागले की जाईन

"गेलं गं बाई, आणखी एक गेलं!"

पनवेलच्या आमच्या आळीत सकाळी सकाळी ही आरोळी उठायची. तुम्ही नवखे असतात तर तुम्हीही धावत सुटला असतात. शेजारी नवे राहायला आलेले मास्तर एकदा खांद्यावर पंचा टाकून, चेहरा पाडून आले. बघतात तर काय, नर्सबाई टोमॅटोच्या रोपापुढे उकिडव्या बसलेल्या आणि तळहातावर एक पिवळं फूल! बाईंनी त्यांना चहा पाजला आणि त्या फुलाची हकीकत सांगितली, पार कळीपासून.

बाई बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातल्या मराठी ज्यू. एकट्याच राहायच्या. दवाखान्यातली नोकरी संपली होती, तरी आळीतलं प्रत्येक मूल त्यांच्याच हातावर जन्माला यायचं. धाकटा भाऊ बायकोमुलांसह इस्रायलला गेला होता आणि त्यांना सारखा बोलावत होता. कुणी विचारलं, "बाई, मग कधी निघताय?" की उत्तर ठरलेलं.

"टोमॅटो लागले की जाईन. लावलेलं झाड अर्धवट टाकून कसं जायचं?"

मग काय! फूल गळलं की आळीत दिवाळी. समोरच्या काकू तर साखर वाटायच्या. उरणहून येणारी मासळीवाली मासे धुतलेलं पाणी रोपांना घालायची अन् म्हणायची, "बगा बाय, कसं फोफावलंय! आता तुमी कुठं जाताय?" रोपं खिडकीच्या वर गेली. पानंच पानं. टोमॅटो एक नाही.

मी तेव्हा पहिलटकरीण, सातव्या महिन्यात. मला आई नव्हती. फुलं गळली की सगळ्यांत जास्त आनंद मला व्हायचा.

माझे यजमान हायस्कुलात शास्त्र शिकवायचे. त्यांना राहवेना.

"बाई, खत आणि पाणी फार होतंय. त्यात हा वैशाखाचा उन्हाळा. फुलं गळणारच. थंडीत लावा, बेतानं पाणी घाला, धरतील फळं."

"ठाऊक आहे मला," म्हणत बाईंनी शांतपणे आणखी एक बादली ओतली. मग माझ्या पोटाकडे बघून यजमानांना दटावलं, "तुमचं शास्त्र शाळेत!"

मला असं हसू लोटलं की बाईंनाच माझी पाठ धरावी लागली.

श्रावणात मला मुलगा झाला. तो रडला, बाई रडल्या, दारात मासळीवाली रडली.

पाऊस संपता संपता बाईंनी नवी रोपं लावली. खत बेताचं, पाणी बेताचं. सकाळची आरोळी बंद झाली. पौषात झाडं लालेलाल. बाईंनी घरोघर कोशिंबीर वाटली. काकूंनी ती रडत रडत खाल्ली आणि वर पुन्हा मागितली.

निघायच्या दिवशी अख्खी आळी एस.टी. स्टँडवर. गाडी सुटली, तशा बाई खिडकीतून अर्ध्या बाहेर आल्या. आत कंडक्टर त्यांच्यावर ओरडतोय आणि त्या माझ्यावर:

"अगं, बाळाचे कान झाक! वारं लागतंय!"

भर दुपारचं ऊन. वारं कुठलं? तरी मी पदरानं त्याचे कान झाकले. गाडी दिसेनाशी झाली, तरी तशीच उभी होते.