तेरा हातांची आठवण

आमच्या बाबांना पत्त्यांत हरलेलं चालतं, पण चूक आपली होती हे चालत नाही. त्यासाठी त्यांनी तीस वर्षं एक जोडीदार सांभाळला, आमचे शेजारचे काका. नाशिकरोडला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सिमेंटचा बाक आहे. रोज संध्याकाळी पाचला तिथे मेंढीकोट रंगायचा. बाबा आणि काका एकीकडे, तळमजल्यावरचे दोघे भाऊ दुसरीकडे. जिंकलं तर बाबांचं डोकं, हरलं तर खापर काकांवर. काका हसायचे आणि पुढचं पान टाकायचे.

मग ते भाऊ फ्लॅट विकून पुण्याला गेले. काकू गेल्यावर काकांनाही त्यांच्या रेल्वेतल्या मुलाने इगतपुरीला नेलं. इगतपुरी काही लंडन नाही, पण दोघांच्या मिळून चार गुडघ्यांत एकही धड नव्हता. बाबांनी पत्ते कपाटात टाकले. आधी रोज फोन व्हायचा, पाऊस किती आणि जेवलास का. पानांवरून भांडण्यात जन्म गेलेल्या माणसांना पानांशिवाय बोलायचं काय, ते सुचेना. फोन आठवड्यावर आला, मग पंधरवड्यावर. ही जोडी अशीच सुटणार, हे मला दिसत होतं आणि बघवत नव्हतं.

मी सॉफ्टवेअर तपासायचं काम करते, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढते. गुण वडिलांचाच. बॅटरी मेलेला जुना लॅपटॉप मी फ्रिजवर ठेवून कायमचा चालू केला. पत्त्यांचा एक फुकट मिळणारा प्रोग्रॅम त्यावर चढवला आणि त्याला मेंढीकोट शिकवला. डाव त्या लॅपटॉपवर मांडलेला, बाबा इथे टॅबवर, काका तिकडे मोबाईलवर, आणि बोलायला फोनचा स्पीकर. समोरचे दोन भिडू कुठून आणायचे? ते कॉम्प्युटरच खेळणार होता.

बाबांनी त्या दोघांना पहिल्याच दिवशी ‘व्याही’ म्हणायला सुरुवात केली. समोर बसतात, हसत नाहीत आणि आपण काय काय केलं ते सगळं लक्षात ठेवतात, असं त्यांचं म्हणणं. पापणी लवायच्या आत पान टाकतात म्हणून ते उद्धटही ठरले. मग मी त्यांना प्रत्येक पानाआधी चार सेकंद थांबायला शिकवलं. तेव्हा बाबा म्हणाले की आता जरा घरंदाज वाटतात.

मेंढीकोटात चार दश्श्यांपैकी ज्याने जास्त पळवल्या तो जिंकला. पण खरी मेख आहे ती कोणती पानं पडून गेली ते ध्यानात ठेवण्यात. एका डावात तेरा हात होतात. व्याह्यांसाठी मी एक आकडा ठेवला होता, शून्य ते तेरा. जितका आकडा, तितके मागचे हात त्यांना आठवणार. व्याही मीच घडवलेले, तेव्हा आपला तो बाब्या, या न्यायाने मी थेट तेरा ठेवला.

पहिल्या आठवड्यात आमचे दोन्ही म्हातारे एकही डाव जिंकले नाहीत. बाबा मला सांगायचे की काकांना हुकूम राखून ठेवायची खोड आहे. काका मला वेगळा फोन करून सांगायचे की बाबांचा चष्मा बदला. शनिवारी बाबांनी टॅब उपडा ठेवला. मी घाबरले आणि गुपचूप आकडा दोनवर आणला. लगेच सलग दोन दिवस यांचे मेंढीकोट, म्हणजे चारही दश्श्या यांच्याच. तिसऱ्या दिवशी बाबा माझ्या खोलीच्या दारात उभे.

“व्याह्याकडे एक्का होता. त्याने माझी दश्शी सोडली. तू काय केलंस?”

मी खरं ते सांगितलं. त्यांना राग आला, आणि तो खरा राग होता.

“मला भीक नको. हरलो तर हरलो.”

आकडा आठवर गेला. मग मात्र खेळ असा जमला की पाच वाजता आमच्या घरात कुकरनेसुद्धा शिटी देऊ नये अशी अपेक्षा असायची. इगतपुरीच्या पावसात काकांचं नेटवर्क गेलं की त्यांच्या जागी कॉम्प्युटरच खेळायचा. काका परत आले की बाबा त्यांना सांगायचे, तुझ्यापेक्षा तो बरा. “मग त्यालाच ठेव की,” काका म्हणायचे. “त्याला बोलून काय उपयोग, त्याला लागत नाही,” बाबा म्हणायचे. इतकं प्रेमाचं वाक्य त्यांनी आईलाही कधी ऐकवलेलं नाही.

दिवाळीनंतर एकदा काकांनी व्याह्याच्या एक्क्याखाली स्वतःची दश्शी टाकली. बाबांनी सोसायटी ऐकेल इतका उद्धार केला. दोन दिवसांनी पुन्हा तेच. त्या आठवड्यात काकांनी तीनदा विचारलं की हुकूम कोणता. तिसऱ्या वेळी बाबा ओरडले नाहीत, म्हणून मी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन पाहिलं. ते टॅबकडे बघत होते. मग हळू म्हणाले, “बदाम. बदाम हुकूम आहे.”

दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर ते माझ्याकडे आले. विषय काढायला त्यांना दोन बिस्किटं लागली.

“तो आकडा किती आहे आता?”

“आठ.”

“तीन कर.” मग दाराकडे जाता जाता म्हणाले, “त्याला कळू देऊ नकोस.”

मी बाबांना त्यांचंच भिकेचं वाक्य ऐकवू शकले असते. ते जिभेवर आलंही होतं. मी फ्रिजवरचा लॅपटॉप काढला आणि तीन केला. मला रडू येत होतं आणि मी ते वायरची धूळ पुसण्यात घालवलं.

पाचला डाव बसला. व्याह्यांनी चार सेकंद घरंदाज विचार करून धडाधड चुका केल्या. काकांनी एका हातात दोन दश्श्या उचलल्या आणि स्पीकरवर त्यांचं जुनं हसू आलं.

“अरे, तुझे व्याही म्हातारे झाले वाटतं,” काका म्हणाले. “लय विसरायला लागलेत.”

“विसरू दे,” बाबा म्हणाले. “तू पान टाक.”