कासवांसाठी कोरडी जागा

कुवेतमध्ये थंडी पडते हे गावाकडे कुणाला पटत नाही. फोनवर स्वेटरचा विषय काढला की पलीकडून हसू ऐकू येतं. पण जानेवारीत वाळवंटावरून वारा सुटला की आमच्या महबूलातल्या इमारतींच्या मधून तो शिट्ट्या घालत येतो, आणि सकाळी गाडीचं स्टिअरिंग हातात धरवत नाही. या थंडीत माझी दोन कासवं बाहेर जगवायची होती.

ती मी मागितली नव्हती. ओळखीचं एक कुटुंब कायमचं परत निघालं. इथून कुणी असं निघालं की त्यांचं सामान ओळखीच्यांत वाटलं जातं. कुणाला वॉशिंग मशीन, कुणाला पडदे, कुणाला अर्धी भरलेली लोणच्याची बरणी. मी उशिरा पोचलो. तोवर कासवं तेवढी राहिली होती. बरोबर माझी चौदा वर्षांची मुलगी होती, त्यामुळे नाही म्हणायचा प्रश्नच आला नाही.

जात आफ्रिकेतली, जमिनीवर राहणारी. एक परातीएवढं, दुसरं पोळ्यांच्या डब्याच्या झाकणाएवढं. मुलीने त्यांना कोरियन गायकांची नावं दिली. ती मला उच्चारता येत नाहीत, म्हणून मी मोठं आणि धाकटं म्हणतो. ही कासवं थंडीत झोपून राहत नाहीत. त्यांना ऊब लागते आणि त्याहून जास्त कोरडेपणा लागतो. गारठ्यात ओल मिळाली की थेट छातीत कफ होतो.

सुरुवातीला ती आमच्या दुसऱ्या बाथरूममध्ये होती. दार खरवडायची. वासाबद्दल मी लिहीत नाही. डिसेंबरच्या सुरुवातीला बायकोने सांगितलं, "अहो, ही बाहेर गेली पाहिजेत. बाहेर म्हणजे मागच्या अंगणात नाहीतर दुसऱ्या कुणाच्या घरी. काय ते तुम्ही ठरवा."

"बाबा, दे विल डाय आउटसाइड," मुलगी म्हणाली.

"नाही मरणार. मी घर बांधतो त्यांना," मी म्हणालो. बोलून गेलो खरा. मी हिशेबनीस माणूस. आयुष्यात भिंतीला खिळासुद्धा सरळ ठोकलेला नाही.

आमचा फ्लॅट तळमजल्यावर आहे. स्वयंपाकघराच्या दाराबाहेर काँक्रीटची अरुंद पट्टी आहे, तिच्यावर दुपारपर्यंत ऊन असतं. तिथे बांधायचं ठरलं. इंटरनेटवर एका इंग्रज गृहस्थाचे व्हिडिओ सापडले. थंड, पावसाळी देशात कासवांसाठी बाहेरचं आवार कसं करायचं ते तो हसत हसत दाखवायचा. लाकडी चौकट, आत मातीचा थर, वर पारदर्शक शीटचं उघडता-मिटता येणारं छप्पर, कोपऱ्यात थर्मोकोल लावलेली झोपायची पेटी आणि तिच्यात उबेचा दिवा. त्याचं सगळं एका दुपारीत उभं राहिलं. माझे सुट्टीचे सगळे शुक्रवार गेले.

शुवैखच्या दुकानांतून प्लायवूड आणलं, ते गाडीत मावेना. आधी बाजूंना जाळी लावली. मोठं कासव दिवसभर त्या जाळीवर चालत राहिलं आणि नाक सोलून घेतलं. मग वाचलं की त्यांना आरपार दिसलं की ती तिकडेच जायला बघतात, भिंत बंदच हवी. जाळी काढली, फळ्या लावल्या. मोठ्या कासवाने एक फळी खांदा लावून पाडली. पुन्हा लावली.

इमारतीचा हारिस, म्हणजे आमचा रखवालदार, रोज येऊन उभा राहायचा. बांगलादेशचा, बोलायला तिखट.

"साब, कछुए का फ्लैट मेरे कमरे से अच्छा है।"

मी हसलो, पण ते मनाला लागलं. जिन्याखालच्या त्याच्या खोलीत शेगडीसुद्धा नव्हती. मी घरातला जुना हीटर नेऊन त्याला दिला. पुढच्या आठवड्यात तो हीटर कोपऱ्यावरच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, गल्ल्याशेजारी दुकानदाराचे पाय शेकत होता. विचारलं तर हारिस म्हणाला, "मुझे ठंड नहीं लगती, साब। मैंने तो फ्लैट की तारीफ़ की थी।"

डिसेंबर संपता संपता कासवं बाहेर राहायला गेली. त्याच सुमारास आई आली. थंडीचे तीन महिने ती आमच्याकडे काढते, कारण उन्हाळ्यात तिला इथे आणणं म्हणजे शिक्षाच. मी सकाळी अंधारात कुवेत सिटीला ऑफिसला निघायचो आणि परतायचो तेव्हा पुन्हा अंधार झालेला असायचा. बायको कामावर, मुलगी शाळेत, आणि सुट्टीच्या दिवशी आम्ही सगळे उशिरा उठायचो.

आणि मग ओल सुरू झाली. संध्याकाळी छप्पर उघडावं तर पेटीसमोरची माती भिजलेली. पाऊस नव्हता. मला वाटलं शीटच्या जोडातून दव गळतंय. सिलिकॉन भरलं. पुन्हा ओल. छप्पर उचकटून उतार वाढवला. पुन्हा ओल. आतल्या वाफेचं पाणी होत असेल म्हणून भोकं पाडली, तर वारा आत यायला लागला. भोकं बुजवली. कासवं पाळणाऱ्यांच्या एका ग्रुपवर फोटो टाकले, तिथे लोक आपापसात भांडले. त्यात कासवांच्या पाठीवर लालसर डाग दिसायला लागले. बुरशी समजून मी भिंग लावून ते बघत बसायचो.

संक्रांतीच्या आसपास धाकट्याने खाणं सोडलं. नाकाला बुडबुडे, तोंड उघडून श्वास. मुलगी माझ्याशी बोलेना. बोलली ती एकदाच, "यू सेड दे वोन्ट डाय." मी रजा टाकली आणि प्राण्यांच्या डॉक्टरांची सकाळची वेळ घेतली.

त्या सकाळी मी स्वयंपाकघरात चहा घेत होतो. आई आंघोळ करून आली. हातात तांब्या, तळहातावर कुंकू. तिने मागचं दार उघडलं, माझ्या छपराची कडी सराईतपणे सरकवली आणि दोन्ही कासवांच्या पाठीवर संथ धार धरली.

"आई! काय करतेस हे?"

"ओरडतोस काय? पाणी घालत्ये."

"रोज?"

"मग? घरात साक्षात कासव, आणि तुम्ही कुणी हातसुद्धा जोडत नाही. देवळात नंदीच्या पुढे गेलास की आधी कासवाला नमस्कार करतोस ना?"

"ते दगडाचं असतं, आई!"

"ते ठाऊक आहे मला. म्हणून तर ह्यांना गार पाणी घालत नाही. गिझरचं घालत्ये, कोमट."

"अगं, मी इतके दिवस हे छप्पर उचकटतोय, दिसत नाही तुला?"

"दिसतं की. म्हटलं, ह्याला आवड आहे."

मी खूप काही बोललो. ओल म्हणजे यांना विष आहे, धाकटं मरायला टेकलंय, निदान विचारायचं तरी. तिने तांब्या खाली ठेवला.

"कधी विचारू? सकाळी तू गाडीत, संध्याकाळी फोनवर. मला मेलीला कुणी सांगितलं का, पाणी चालत नाही म्हणून?"

नव्हतं सांगितलं. मी त्या इंग्रजाला कमेंट लिहून विचारलं होतं, हारिसला विचारलं होतं, कुठल्या कुठल्या देशांतल्या अनोळखी लोकांना विचारलं होतं. दिवसभर घरात असणारी एकटी आई, तिला विचारायचं माझ्या मनातच आलं नाही. तिचा राग यायला हवा होता आणि येतही होता, पण तो मधेच माझ्याकडे वळायचा. याने माझी चिडचिड आणखी वाढली.

डॉक्टर बाईंनी धाकट्याची छाती तपासली, पाठीवरचा डाग कापसाने पुसला, कापूस लाल झाला तेव्हा माझ्याकडे बघितलं. भिजतं कसं, त्यांनी विचारलं. आई याची पूजा करते हे सांगायला जीभ रेटेना. मी म्हणालो, छप्पर गळतं. ज्या छपरातून एक थेंब गळला नव्हता त्याच्यावर मी आळ घेतला.

धाकट्याला पुढच्या पायात इंजेक्शनं द्यायची होती, घरीच. ते पाय आत ओढून घेतं, मग दगड हातात धरल्यासारखं होतं. बायकोने आधीच हात वर केले होते. मुलीला सुई बघवत नव्हती. आई त्या दिवसापासून मागच्या दाराकडे फिरकलीच नव्हती, नुसती खोलीत जप करत बसायची. शेवटी मुलगीच आत गेली आणि तिला हाताला धरून घेऊन आली.

"आजी, होल्ड हिम. बाबा कान्ट."

आईने पदर खोचला, धाकट्याला मांडीवर घेतलं आणि पायाशी बोट घालून अलगद पाय बाहेर काढला. गुरांच्या घरात वाढलेली बाई ती. "टोच आता," मला म्हणाली, "आणि हात हलवू नको."

असं काही दिवस चाललं. माती मी सगळी बदलली, ती आता खरंच कोरडी राहत होती. मोठं ठीक होतं. धाकट्याचे बुडबुडे थांबले, पण ते खाईना. डॉक्टरांनी सुकं गवत सांगितलं होतं. मी ते बारीक कापायचो, तोंडाशी धरायचो, पुन्हा उचलून ठेवायचो. मुलगी शाळेतून आली की पहिला प्रश्न तोच, आणि मी नकारार्थी मान हलवायचो.

मग एका शनिवारी दुपारी मी गवत घेऊन मागे गेलो, तर आई उन्हात पाठ शेकत मेथी निवडत बसलेली. धाकटं पेटीतून बाहेर आलं होतं, मान लांब करून आईच्या हातातला देठ ओढत होतं. चावत होतं. मुलगी शेजारी उकिडवी बसून तोंडावर हात दाबून बघत होती.

"आई, डॉक्टरांनी गवत सांगितलंय. मेथी नाही."

"मग दे की गवत. मी कुठे नको म्हणत्ये?"

मी वाकून गवत पुढे केलं. धाकट्याने ते हुंगलं, मान फिरवली आणि पुन्हा मेथीला तोंड लावलं.

"बाबा, प्लीज," मुलगी कुजबुजली, "डोन्ट डिस्टर्ब हिम."

मी गवत घेऊन मागे सरकलो.