सिमेंटला पांघरूण

मी घर सोडलं त्या दिवशी आमच्या घरातून बाहेर पडायची सोयच नव्हती. आदल्या संध्याकाळी आईनं दारापुढची एका बाजूनं खचलेली पायरी फोडून नवी सिमेंटची करून घेतली होती. "पोरगं परदेशी चाललं, चार माणसं निरोपाला येणार, तुटक्या पायरीवरून उतरवू का त्याला?" हे तिचं म्हणणं. आता सगळं आयुष्य बांधकामावर घमेली वाहिलेल्या बाईला नव्या पायरीवर लगेच पाय देता येत नाही हे ठाऊक नसेल का? होतं की! पण उत्साहात विसरली. मग काय, संभाजीनगरच्या छावणीतली आमची अख्खी गल्ली एका फळीवरून डुगडुगत आतबाहेर करत होती. माझ्या बॅगाही त्याच फळीवरून गेल्या. मला विमानतळावर सोडायला आलेले शेजारचे सलीमभाई रिक्षातून ओरडत होते, "अरे चल ना भाई, जहाज तेरे लिए रुकनेवाला नहीं!"

आईच्या पाया पडलो. तिनं माझ्या हातात तांब्या दिला.

"पायरीला पाणी मार. सिमेंटला लई तहान असती. पुढचे सात दिवस मी मारीन, आजचं तू मार."

मी पाणी मारलं. रडायचं मनात होतं, पण ते राहूनच गेलं. फळीवर तोल सांभाळणाऱ्या माणसाला रडता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. ती पायरी आमच्या दारात, माझ्या नावानं झाली, आणि माझाच पाय तिला लागला नाही.

तुमच्यातल्या ज्यांनी बांधकाम जवळून पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. नवं काँक्रीट उन्हानं लवकर वाळलं की कच्चं राहतं, भेगा पडतात. म्हणून आपल्याकडं त्यावर रोज पाणी मारतात, ओलं गोणपाट टाकतात. बाबा गवंडी होते, ते लवकर गेले. आई त्यांच्याच हाताखाली बिगारी होती आणि पाणी मारणं हे तिचं खास काम. एका उन्हाळ्यात दौलताबादजवळ एका शेतघराचा स्लॅब टाकला होता, तर सुट्टीच्या दिवशीसुद्धा पहिल्या बसनं जाऊन ती त्याला पाणी पाजून यायची. कोणी सांगितलं नव्हतं. विचारलं तर म्हणायची, "तहानलेलं सोडून आलं की मला जेवण जात नाय."

त्या बाईचा मी मुलगा. सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि कॅनडातल्या एका थंड गावात, जुन्या घरांचं काँक्रीट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत लागलो. औरंगपुऱ्याच्या बाजारातून आतून घालायची दोन थर्मल घेऊन गेलो होतो. दुकानदारानं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "काश्मीरला चालतं साहेब." इथल्या पहिल्या थंडीत ती अंगात आहेत की बॅगेत राहिलीत तेच कळेना. शेवटी आमचा फोरमन टोनी, तरुणपणी पोर्तुगालहून आलेला, त्यानं आपलं जुनं जॅकेट माझ्या अंगावर फेकलं आणि म्हणाला, "घाल. मेलास तर मला एकट्याला काम पडेल." बोलणं असं, पण माणूस तसा नव्हता.

इथली जुनी घरं लाकडाची, सत्तर-ऐंशी-शंभर वर्षांची. लाकूड टिकतं, पण पुढच्या पायऱ्या, ड्राइव्हवे, बेसमेंटच्या भिंती फुटत राहतात. त्याला कारण पाणी. बारीक भेगेत शिरतं, हिवाळ्यात गोठतं, गोठलं की फुगतं आणि काँक्रीट आतून फोडतं. म्हणून इथं नव्या कामाला थंडीत जाड ब्लँकेटं पांघरतात. खरंच पांघरतात हो, कडासुद्धा खोचतात. हे सगळं मला शिकवलं होतं, माझ्या वहीत लिहिलेलंही होतं. पण वहीत असलेलं हातात यायला वेळ लागतो.

दुसऱ्या वर्षीची गोष्ट. डोरिस नावाच्या एका म्हाताऱ्या बाईच्या घराच्या पायऱ्या करायच्या होत्या. तिच्या नवऱ्याचं खुब्याचं ऑपरेशन झालेलं, तो हॉस्पिटलात. घरी धड पायऱ्या आणि कठडा झाल्याशिवाय त्याला सोडणार नव्हते. बाई रोज विचारायची, "झालं का? आणू का त्याला?" आम्ही शनिवारी पायऱ्या ओतल्या, ब्लँकेटं घातली. टोनी म्हणाला, "सोमवारपर्यंत कोणी हात लावायचा नाही."

रविवारी दुपारी मी भाजी आणायला त्याच रस्त्यानं निघालो होतो. छान ऊन पडलं होतं. उगाच एक ब्लँकेट उचलून बघितलं, तर कडा वाळून पांढऱ्या पडलेल्या. झालं! आईचा आवाजच आला कानात. बाईंच्या बागेतला पाइप ओढला आणि तीनही पायऱ्या न्हाऊ घातल्या, वर ब्लँकेटंही भिजवून ठेवली. डोरिसबाई चहा घेऊन बाहेर आल्या. म्हणाल्या, "सुट्टीच्या दिवशीसुद्धा! किती मनापासून करतोस रे." मी अगदी फुलून गेलो.

त्या रात्री पारा उतरला. भिजलेली ब्लँकेटं काय ऊब देणार? सगळं गोठलं. तीन-चार दिवसांत पायऱ्यांचे पापुद्रे सुटायला लागले, बोटानं खरवडलं तरी भुगा पडायचा.

टोनीनं थेट काँक्रीट पुरवणाऱ्याला फोन लावला आणि त्याची पार अब्रू काढली. माल खराब दिलास, तुझ्या ड्रायव्हरनं पाणी मिसळलं, काय काय. मी शेजारी उभा होतो. बोललो नाही. इथं राहायचे माझे कागद या कंपनीच्या नावावर होते. काम गेलं असतं तर मीही गेलो असतो. डोरिसबाई दारातून माझ्याकडं बघत होत्या. त्यांना सगळं ठाऊक होतं. त्याही बोलल्या नाहीत. मला त्या नजरेची इतकी लाज वाटली की काय सांगू.

संध्याकाळी आईला फोन केला. तिकडं सकाळ झाली होती, नळाला पाणी आलं होतं. आधी ती खळखळून हसली. "सिमेंटला वाकळ पांघरत्यात? अरे व्वा, लई लाड हायेत!" मग तिनं नळ बंद केल्याचं ऐकू आलं.

"मग आता बोलणी कोण खातंय?"

"माल देणारा. त्याचा ड्रायव्हर."

"म्हंजी पाणी तुझं आन् नाव त्याचं?"

"आई, कागद जातील. परत यावं लागंल."

"व्हय, मग ये की! फळी टाकून आत घेईन तुला. पण त्या म्हाताऱ्याला आधी पायरी दे."

एवढं बोलून बाईनं फोन ठेवला. तिची बादली भरायची राहिली होती.

सकाळी टोनीला सगळं सांगितलं. त्यानं टोपी काढली आणि पाच मिनिटं पोर्तुगीज आणि इंग्रजी मिसळून असं काही बोलला की मला दोन्ही भाषा समजल्या. मग माझ्यासमोरच त्या पुरवठादाराला फोन करून माफी मागितली. मला वाटलं, संपलं आपलं. तर त्यानं गाडीतून फोडायची मशीन काढून माझ्या हातात दिली. "तू बिघडवलंस, तूच फोड."

फोडलं. पुन्हा ओतलं, पांघरलं, कडा खोचल्या. टोनीनं खिशातलं थर्मामीटर मला दिलं. "पुन्हा हात शिवशिवले तर आधी याला विचार." माझ्या त्या एका तांब्याच्या सवयीपायी डोरिसबाईंचा नवरा दहा दिवस जास्त हॉस्पिटलात राहिला. तो आला तेव्हा मी कठड्याशी उभा होतो. तीन पायऱ्या चढायला त्याला बराच वेळ लागला, आणि वर पोचल्यावर त्यानं काठीनं पायरी दोनदा ठोकून बघितली. बाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "तू सांगितलं नसतंस तर मीही सांगितलं नसतं." मला तेव्हा मात्र रडू आलं. पायाखाली फळी नव्हती ना.

घर सोडल्यावर सहा वर्षांनी, यंदाच्या मे महिन्यात संभाजीनगरला गेलो. माझ्या नावाची पायरी जशीच्या तशी होती, फक्त आईचे गुडघे तसे राहिले नव्हते. तिला ती पायरी उंच पडायची. चौकट धरून, तोंडानं हुश्श करत चढायची. म्हणून त्या पायरीपुढं एक बुटकी पायरी मी स्वतः केली, आणि या वेळी शहाणपणानं निघायच्या चार दिवस आधी केली. कडा घासून झाल्या, थापी धुतली आणि घरात जाऊन वाकळ आणून पायरीवर घातली. कडाही खोचल्या. भर मे महिन्यात! सगळी गल्ली हसायला लागली. सलीमभाईंनी विचारलं, "क्या मियाँ, इसको सर्दी हो गई क्या?"

मी ओशाळून वाकळ काढायला गेलो, तर आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे." तांब्या भरून घेतला, गुडघे धरत बाजूला टाकलेल्या फळीवरून खाली उतरली आणि त्या वाकळेवरच पाणी ओतलं. "वल्ली वाकळ गोणपाटाहून बरी. ऊन लागणार नाय."

चार दिवसांनी निघालो तेव्हा दोन्ही पायऱ्यांवर पाय देत उतरलो. मागून आई उतरली, पहिल्यांदाच चौकट न धरता.

लोक विचारतात, आता घर कोणतं, इथलं की तिथलं? मला अजून नीट सांगता येत नाही. एवढं खरं की इथं थंडी पडली की आईचा फोन येतो, जय भीमच्याही आधी विचारते, "पांघरलंस का रे?" मी म्हणतो, "व्हय." आणि तिथं ऊन तापलं की मी विचारतो, "आई, पाणी मारलंस का?" ती बुटकी पायरी पक्की होऊन किती महिने झाले. तरी ती सांगते, "आत्ताच मारलं."