डांगर पच्चडीखालचे निरोप

बायकोच्या पाककृतींची वेबसाइट आता मीच सांभाळतो. ती गेली त्याला वर्ष होत आलं. तंजावुरातल्या आमच्या स्वयंपाकघरात उभी राहून ती आमच्या घरच्या मराठीत एकेक पदार्थ सांगायची आणि मी ते रेकॉर्ड करून साइटवर चढवायचो. तिचा आवाज तिथे अजून आहे.

सकाळी कॉफी झाली की मी कॉमेंट्स पाहतो. बहुतेक कचराच असतो, कर्जाच्या नाहीतर जुगाराच्या जाहिराती. कुठलंसं यंत्र तिला नेमाने विचारतं, "मॅडम, पुढचा लेख कधी?" ते पुसताना मला राग येत नाही. कुणीतरी तिची वाट पाहतंय, एवढंच वाटतं.

मध्यंतरी एक गृहस्थ मात्र रोज येऊ लागले. "ही मराठी नव्हे, तमिळची खिचडी आहे. त्या बाईला गप्प बसायला सांगा." अडवलं की नाव बदलून येत.

चेन्नैहून मुलगी फोनवर म्हणाली, "अप्पा, कॉमेंट्स बंदच करून टाका. अम्माबद्दल असलं रोज कशाला वाचायचं?"

"अम्मानं काय केलं असतं?"

"खिचडीत तूप किती घालता, असं विचारलं असतं. पण तुम्ही अम्मा नाही."

ते खरंच होतं. बंद करायचं ठरवलं. त्याआधी स्पॅमचा कप्पा रिकामा करावा म्हणून उघडला, तर तळाशी तमिळ अक्षरांतले काही संदेश. वाचू लागलो तर मराठी. आम्हा तंजावुरी मराठी लोकांत देवनागरी येणारे थोडे, त्यामुळे घरची पत्रंही तमिळ अक्षरांतच लिहिली जात. साइटच्या चाळणीला हे कुठून कळणार? तिने सगळं कचऱ्यात ढकललं होतं.

डांगर पच्चडीच्या पानावर पापनाशमच्या एका आजींनी लिहिलं होतं, "पोरी, तुझं ऐकत ऐकत केली. उडदाचं पीठ बरोबर, ताकही बरोबर. हिंग जास्त सांगितलास. माझी आई एवढा घालत नसे."

मी तमिळ अक्षरांतच उत्तर लिहिलं. ती आता नाही, एवढं लिहायला बराच वेळ लागला.

दुसऱ्या सकाळी आधी स्पॅमच उघडला. आजींचं उत्तर तिथेच पडलं होतं. "मग हिंग तेवढाच राहू दे."

कॉमेंट्स चालू आहेत. त्या गृहस्थांचं लिहिलेलं पुसून टाकतो आणि मग कचरा सावकाश चाळत बसतो. काल तिच्या मापाने पच्चडी केली. हिंग जरा जास्तच होतो खरा.