जुमेरातीच्या दालनातील रुकय्या आपा

डॉ. रुकय्या सौदागर यांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्या एका म्हाताऱ्या बाईसाठी खुर्ची शोधत होत्या. निजामाच्या राजवटीतले ते औरंगाबाद. एका जहागीरदारांनी मिसर, म्हणजे इजिप्त, आणि इटलीच्या प्रवासातून पुष्कळ जुन्या वस्तू आणल्या होत्या आणि छावणीच्या रस्त्यावरच्या आपल्या बंगल्यात त्यांचे लहानसे संग्रहालय उघडले होते. दर जुमेरातीला, म्हणजे गुरुवारी, ते फक्त बायकांसाठी खुले असे. त्या दिवशी फाटकापासून पायऱ्यांपर्यंत कनात लागे, पहारेकरी बाहेर जाऊन बसत आणि पडदा लावलेले टांगे थेट आत येत.

बंगल्यात मिसरच्या राजाचा मुडदा ठेवला आहे, अशी गावात बोलवा होती. आमच्या आईलाही तो पाहायचा होता. वडील अदालतीत पेशकार. त्यांना न सांगताच आई मला घेऊन निघाली. आत मुडदा नव्हता. काचेच्या कपाटांत रोमन अत्तराच्या कुप्या होत्या, मातीचे दिवे होते, एका रोमन स्त्रीचे संगमरवरी मस्तक होते आणि निळ्या झिलईच्या बोटभर बाहुल्या होत्या. बायकांचा हिरमोड झाला. तेवढ्यात पांढरी साडी नेसलेल्या, पदर डोक्यावर घेतलेल्या एक तरुण बाई पुढे आल्या. याच आमच्या आपा, म्हणजे थोरल्या ताई. हातातली खुर्ची त्यांनी म्हातारीला दिली आणि त्या बाहुल्यांबद्दल बोलू लागल्या. मेलेल्या माणसाला परलोकात शेतकाम पडले तर त्याच्याऐवजी ते करायला या बाहुल्या पेटीत ठेवीत, असे त्यांनी सांगितले.

म्हातारी म्हणाली, "म्हंजी मेल्यावर बी गडीमाणसं लागतात व्हय?"

"मोठ्या लोकांना लागत असतील, खाला," आपा तिला मावशीचे नाते देत म्हणाल्या. "तुम्ही-आम्ही आपलं आपण करू."

सगळ्या हसल्या. त्या हसण्यात आईही होती. मुडद्याची आठवण कोणाला राहिली नाही. परत येताना आई टांग्यात म्हणाली, "सिंधू, बाई किती शिकलेली आहे, आणि बोलते कशी आपल्यासारखी."

आपांची मराठी खरोखरच आपल्यासारखी होती, कारण त्यांचे आजोळ पैठणचे. वडिलांचे नवाबपुऱ्यात हिमरू कापडाचे दुकान. घरात दखनी आणि मराठी दोन्ही चालत. सरकारी वजिफा, म्हणजे शिष्यवृत्ती, मिळवून त्या विलायतेला गेल्या त्या इतिहास शिकायला. तिथल्या एका संग्रहालयात त्यांनी रोमन काळातल्या मिसरची चित्रे पाहिली. माणूस गेल्यावर त्याचा चेहरा लाकडी फळीवर, मेणात कालवलेल्या रंगांनी रंगवीत आणि ती फळी कफनावर, तोंडाच्या जागी बसवीत. कफन मिसरचे, चित्राची रीत रोमची. आपा मला सांगत, "सिंधू, मी त्या चेहऱ्यांपुढं उभी राहिले आणि मला नवाबपुऱ्यातल्या बायका दिसल्या. तेच डोळे. कानात तसेच लोंबते मोती. मग मी तिथनं हललेच नाही." याच चित्रांवर त्यांनी प्रबंध लिहिला. तो तिकडच्या विद्वानांनीही नावाजला.

परतल्यावर हैदराबादेत त्यांना मोठी जागा मिळत होती. ती न घेता त्यांनी औरंगाबादेत कॉलेजात शिकवणे आणि जहागीरदारांचे संग्रहालय सांभाळणे पत्करले. लोकांना नवल वाटले. आपांचे म्हणणे साधे होते. रोमचा माल ज्या पैठणला आणि तेरला उतरला, त्याच मुलखात बसून रोम शिकवावे. शिकवणे उर्दूतून असे. पण तास संपला की आम्ही मराठी मुली त्यांच्याभोवती गोळा होत असू आणि तोच धडा त्या पुन्हा मराठीतून सांगत. दुसऱ्यांदा सांगताना त्या कंटाळल्या आहेत, असे कधी दिसले नाही.

विद्येच्या बाबतीत मात्र त्या कठोर होत्या. पैठणचे एक सावकार एकदा मातीची मूर्ती घेऊन आले. मोठ्या हौसेने त्यांनी ती रुमालातून काढली. ती रोमहून आलेली आहे, एवढे आपांनी सांगावे, एवढीच त्यांची इच्छा होती. आपांनी ती उजेडात धरली, उलटी करून पाहिली.

"माती गोदावरीची आहे, शेटजी."

सावकारांचा चेहरा उतरला. "म्हणजे इथलीच? मग काय उपयोग?"

"उपयोग लई आहे. कुण्या परदेशी व्यापाऱ्याच्या हातात इथल्या कुंभारानं एक मूर्त पाहिली. घरी येऊन आपल्या मातीत आपल्या हातानं केली. केसांचा बुचडा रोमचा ठेवला, कंबरपट्टा मात्र पैठणचा घातला. रोमच्या मूर्ती रोमला ढीगभर आहेत. अशी तिथं एकही नाय."

सावकार ती मूर्ती संग्रहालयालाच देऊन गेले. पण त्यांनी ती दिली नसती, ते रागावून उठून गेले असते, तरी आपांचे उत्तर बदलले नसते हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होते.

याच आपांचे दुसरे एक बोलणे मी कधी विसरले नाही. जहागीरदारांच्या संग्रहात एका कोवळ्या मुलीचे तसे फळीवरचे चित्र होते. हर्सूलकडची एक बाई दर जुमेरातीला येई, बाकी काही न पाहता त्या चित्रासमोर उभी राही. तिची मुलगी तापाने गेली होती, हे पुढे कळले. एक दिवस ती म्हणाली, "हिच्या आईनंच काढून घेतली असंल तसबीर."

"असंल, बाई," आपा म्हणाल्या.

ती गेल्यावर मी विचारले, "आपा, हे सिद्ध कुठे झाले आहे?"

"नाय झालं. पण ती मला विचारत नव्हती, सांगत होती. विचारलं असतं तर माहीत नाही म्हटलं असतं." मग म्हणाल्या, "कुणी सांगत असताना आपण ऐकावं. आपली विद्या तिथं मधे घालू नये."

माझ्या शिक्षणाचे श्रेयही त्यांचेच. इंटर झाल्यावर घरात माझ्या लग्नाची बोलणी सुरू झाली. आपा एका संध्याकाळी आमच्या घरी आल्या. वडिलांशी तासभर त्या उर्दू शायरीवर बोलल्या, माझे नावही काढले नाही. उठताना म्हणाल्या, "पेशकारसाहेब, तुमची मुलगी हैदराबादेस माझ्या खालाकडे राहील. तिथं शेजारी ब्राह्मणाची खाणावळ आहे, मी पाहून आले आहे." वडील हसले आणि लग्न लांबणीवर पडले. ती खाणावळ पाहण्यासाठी आपा खास हैदराबादला जाऊन आल्या होत्या, हे मला तिथे गेल्यावर खालांकडून समजले.

बी. ए. होऊन मी आपांच्या हाताखाली संग्रहालयात लागले आणि थोड्याच दिवसांत राज्यात अशांतता माजली. गावात दहशत होती. आमच्यासारखी कितीतरी घरे सरहद्दीपलीकडे मनमाडला, नगरला निघून गेली. स्टेशनवर आपा आम्हाला पोचवायला आल्या. आईच्या हातात त्यांनी दौलताबादच्या अंजिरांची करंडी दिली आणि बुरख्याआडून एवढेच म्हणाल्या, "भाभी, लौकर या."

पोलीस ॲक्शन झाली, निजामाची सत्ता गेली आणि आम्ही परतलो. आता भीतीची पाळी दुसऱ्या मोहल्ल्यांवर आली होती. आपांचे दोघे भाऊ दुकान बंद करून कराचीला गेले होते. त्यांनी बहिणीला परोपरीने विनवले. आपा गेल्या नाहीत. जहागीरदारही गाव सोडून गेले होते. बंगल्याच्या चाव्या आपांकडे होत्या आणि त्या एका जुन्या मोलकरणीला सोबत घेऊन बंगल्यातच राहत होत्या.

गावात कुणीतरी उठवले की भावांच्या सामानातून आपांनी संगमरवरी मस्तक कराचीला पाठवले. तक्रार वरपर्यंत गेली. एके सकाळी पुण्याकडचे एक नवे अधिकारी दोन शिपायांसह आले. मी तिथेच होते. मधल्या दालनातला चौथरा रिकामा होता. मस्तक नव्हते. फळीवरचे चित्रही भिंतीवर नव्हते.

"तुमचे भाऊ कराचीला आहेत ना?" अधिकाऱ्यांनी विचारले.

"हो."

"मग चाव्या द्या."

आपांनी जुडगा काढून टेबलावर ठेवला. "घ्या, साहेब. पण वस्तू पाहून घ्या. न पाहता ताबा घेणं तुम्हाला शोभत नाही, आणि न दाखवता देणं मला शोभत नाही."

त्यांनी आतल्या खोलीचे दार उघडले. तिथे हिमरूच्या दुकानातल्या रजयांचा ढीग होता. खिडक्यांवर दगड येत होते त्या दिवसांत आपांनी आणि मोलकरणीने एकेक वस्तू रजयांत गुंडाळून तिथे ठेवली होती. आपा जमिनीवर बसल्या आणि गाठी सोडू लागल्या. आधी मस्तक निघाले. मग कुप्या, दिवे, बाहुल्या. एकही टवका उडाला नव्हता. प्रत्येक वस्तू हातात घेऊन त्या सांगत होत्या, अगदी जुमेरातीला बायकांना सांगत तशा. अधिकारी आधी उभे होते. मग त्यांनी टोपी काढली. मग तेही खाली बसले. शेवटी मुलीचे चित्र निघाले तेव्हा ते बराच वेळ पाहत राहिले.

"तुम्ही का गेला नाहीत?" त्यांनी विचारले. आवाज आता वेगळा होता.

"भाऊ म्हणाले, तिथं सुरक्षित राहशील," आपा म्हणाल्या. "खरं असंल. पण यांना इथं कोणावर टाकून जायचं होतं? आणि माझी आई इथल्या मातीत आहे. मला सुरक्षित राहायचं होतं, पण घरी."

अधिकारी उठले. चाव्या टेबलावर तशाच होत्या. त्यांनी त्या आपांच्या हातात दिल्या. "सध्या आपल्याकडेच असू द्या," ते म्हणाले. पुढच्या जुमेरातीला त्यांची पत्नी शेजारणींना घेऊन संग्रहालय पाहायला आली. त्यानंतर गावातली कुजबुज आपोआप थांबली.

या निर्णयाची किंमत आपांनी भरली आणि तिचा उच्चार कधी केला नाही. भावांची भेट पुन्हा झाली नाही. थोरले भाऊ कराचीत वारले त्या दिवशीही त्यांनी रोमन शिल्पावरचा तास पूर्ण घेतला. मुली गेल्यावर मला म्हणाल्या, "सिंधू, आज घरी माझ्यासोबत चल." मी गेले. आम्ही दोघींनी मिळून स्वयंपाक केला, आणि जेवता जेवता त्या प्रथमच रडल्या.

पुढे संग्रहालय सरकारकडे आले. आपा त्याच्या प्रमुख झाल्या, कॉलेजात विभागप्रमुख झाल्या. देशोदेशींच्या परिषदांना त्या जाऊन आल्या. आज त्यांचे विद्यार्थी ठिकठिकाणच्या संग्रहालयांत मोठ्या पदांवर आहेत. बायकांच्या दिवसाची कनात केव्हाच उतरली. मात्र त्या बंगल्याजवळून जाताना मला अजूनही टांग्यांचे घुंगरू ऐकू येतात आणि आत कोणीतरी खालासाठी खुर्ची शोधते आहे असे वाटते.

आपांना आता पंच्याहत्तरावे वर्ष लागत आहे. डोळे अधू झाले आहेत, तरी रोमन काळातल्या मिसरच्या चित्रांवर मराठीत पहिले पुस्तक लिहायचे त्यांनी मनावर घेतले आहे. त्या सांगतात, आम्ही पाळीपाळीने लिहून घेतो. या गौरवग्रंथासाठी लेख लिहिते आहे असे मी त्यांना परवा सांगितले आणि शेवटी दीर्घायुष्य चिंतायची रीत आहे, असेही म्हणाले.

"लांब आयुष्य नको मागूस," आपा म्हणाल्या. "मिसरच्या लोकांनी ते लई मागितलं, आणि बिचारे काचेच्या पेटीत राहिले. मागायचंच तर डोळे माग. पुस्तकाचं शेवटचं पान मला स्वतः वाचायचं आहे."

गुरूची आज्ञा मोडायची नाही असे आम्हाला त्यांनीच शिकवले. म्हणून आम्ही सारे शिष्य आधी त्यांचे डोळे मागतो. आणि आयुष्यही मागतो, भरपूर आणि निरोगी. एवढी एकच अवज्ञा त्यांनी आम्हाला माफ करावी.