हळदीच्या पेढीवर कोसळलेला कर्नेल

तमाम सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील जनतेस जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, नव्वदचं दशक संपता संपता, दिवाळीच्या तोंडावर, सांगलीतल्या एका हळदीच्या पेढीवर आमचा कर्नेल धारातीर्थी पडला. जागच्या जागी. चहा यायच्या आत.

कर्नेल म्हणजे संगणक चालवणाऱ्या प्रणालीचा गाभा. तो कोसळला की काळ्या पडद्यावर आकड्यांच्या ओळी उमटतात आणि मग कळफलक कितीही बडवा, यंत्र दाद देत नाही. मी आणि माझा मित्र साताऱ्यात एका खोलीत संगणक जुळवून विकायचो. पेढीचे मालक, त्यांना सगळे अण्णा म्हणत, यांना हिशोबाचा जुना प्रोग्राम आणि गोदामाचा नवा, असे दोन्ही हवे होते, आणि ते दोघं एका यंत्रात नांदायला तयार नव्हते. मित्रानं तोड काढली: एकाच संगणकाच्या पोटात दोन आभासी संगणक, ज्याला त्याला आपापली खिडकी. साताऱ्यात हे झकास चाललं. दसऱ्याला यंत्राची पूजा झाली, मग ते खोक्यात गेलं आणि उघडलं ते थेट सांगलीत. पहिली खिडकी उघडली, दुसरी उघडली, कर्नेल गेला.

मित्राचे वडील, आप्पा, मेढ्याहून मुद्दाम आले होते. तिथं त्यांचं किराणा दुकान. बापलेकात ठरलं होतं की अण्णांनी यंत्र ठेवून घेतलं तर पोरगं साताऱ्यात राहील, नाहीतर संध्याकाळच्या एसटीनं मेढ्याला, दुकानात. आप्पा हळदीच्या गोणीवर बसले होते, अगदी प्रसन्न.

"दोन खिडक्या कशाला रं? एकच उघड की."

"आप्पा, जरा बसा गप."

"बसलोयच. तूच नाचतोयस."

नाचत होताच तो. मीही. आम्ही यंत्राला कर्नेल नव्यानं बांधायला लावला, आणि तो बांधून होईस्तोवर गोण्यांमधून इतक्या येरझाऱ्या घातल्या की हमालांनी आपली वाट बदलली. मी बसलो की मित्र उठायचा, मित्र बसला की मी. नवा कर्नेलही पडला. सेटिंगं बदलली, पुन्हा पडला. दर वेळी अण्णा चहा मागवत आणि आप्पा घड्याळ बघत.

"मेढ्याची गाडी चुकंल बरं का," ते अधूनमधून हवेत सोडून द्यायचे.

मित्र एकाएकी थांबला. प्रोग्राममध्ये चूक असती तर कर्नेल बहुतेक वेळा एकाच जागी ठेचकाळला असता. आमचा दर वेळी नव्या जागी आपटत होता. म्हणजे पायाखालची जमीनच खराब. यंत्रात मेमरीच्या दोन पट्ट्या होत्या. साधं काम पहिलीत भागायचं, दोन आभासी संगणकांना मात्र दोन्ही लागायच्या. त्यानं कर्नेलला अर्धीच मेमरी वापरायला सांगितलं. दोन्ही खिडक्या उघडल्या, रखडत, कण्हत, पण उघडल्या.

आम्ही टोपण काढलं. दुसऱ्या पट्टीच्या बुडाशी हळदकुंकवाचा वाळलेला लगदा.

मित्रानं आप्पांकडे पाहिलं. मीही पाहिलं. दसऱ्याची पूजा आप्पांनीच साताऱ्याला येऊन, आपल्या दुकानातल्या हळदीकुंकवानं केली होती. काम आतली वस्तू करते, मग बाहेरच्या पत्र्याला कुंकू लावून काय उपयोग, असं म्हणून त्यांनी टोपण काढायला लावलं आणि ओल्या बोटानं आत मनसोक्त पूजा केली होती. आप्पा आता पंख्याकडे बघत होते.

अण्णांनी लगद्याचा कण नखानं खरवडला, बोटांत चोळला. "कुठली ही हळद? पीठ हाय ह्यात."

मित्रानं पट्टी खोडरबरानं घासली, खाच कोरड्या ब्रशनं साफ केली, यंत्र चालू केलं. एक खिडकी. दुसरी. कर्नेल उभाच राहिला. अण्णांनी दोन्हींत मनसोक्त बोटं चालवली, इकडून तिकडं, तिकडून इकडं, आणि शेवटी म्हणाले, "ऱ्हाऊ द्या हितंच."

आप्पा उठले, पिशवी उचलली. मित्रही सवयीनं आपली पिशवी शोधू लागला. "तू कुठं निघालास? काम बघ," असं म्हणत ते पायऱ्या उतरून गेले.

आणि लगेच परत आले. थेट अण्णांसमोर येऊन उभे राहिले. मघापासून अडकलेलं अखेर बाहेर पडलं:

"आवं, ती पूजेची हाय. खायची येगळी ठेवतो आमी."